पान हलू नये म्हणून

दिवाळी अंकाच्या कामाला आमच्याकडे जूनमध्ये सुरुवात होते आणि ऑगस्टपासून लेखांच्या फाईली येऊ लागतात. कुणी पुण्याहून वर्डमध्ये टाइप करून पाठवतं, कुणी पणजीहून लिबरऑफिसमध्ये. परदेशात राहणारे बरेच जण गूगल डॉक्सचा दुवा धाडतात, आणि काही ज्येष्ठ लेखकांचं टंकन अजून श्री-लिपीतच होतं. एकदा एका लेखिकेने तक्ते आणि नकाशे घातलेला ११ पानांचा लेख पाठवला. माझ्या संगणकावर तो १४ पानांचा झाला. तक्त्याचा शेवटचा रकाना कागदाबाहेर गेला आणि एका नकाशाखाली दुसऱ्याच नकाशाची ओळ आली. आठवडाभर खपून तिने तो लेख बसवला होता. फोनवर तिचा पहिला प्रश्न होता, ‘‘माझं काय चुकलं?’’ काही गोष्टी तिला कुणी कधी सांगितल्याच नव्हत्या, एवढंच. त्या इथे सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की वर्डच्या फाईलमध्ये पान साठवलेलं नसतं. मजकूर असतो आणि त्यासोबत सूचना असतात: हे शीर्षक, याला अमुक फॉन्ट, समास एवढा, इथे चित्र. पान मांडण्याचं काम दर वेळी उघडणाऱ्याच्या संगणकावर नव्याने होतं. खिळ्यांच्या छापखान्यात एकच हस्तलिखित दोन जुळाऱ्यांकडे दिलं आणि दुसऱ्याकडे त्या मापाचे खिळे नसले, तर ओळी निराळ्या तुटायच्या आणि पानं वाढायची. इथेही तसंच होतं. डॉकएक्स फाईलची एक प्रत घेऊन तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडून पाहा. मजकूर, सूचना आणि चित्रं आत सुटी सुटी ठेवलेली दिसतील. लिबरऑफिसच्या ओडीटीचा प्रकार २००६ साली आणि वर्डच्या डॉकएक्सचा २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला, त्यामुळे दोन्हींचे नियम लिहिलेले आहेत. पण त्याच सूचना वाचून वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स ओळी मोजतात आपापल्या पद्धतीने. म्हणून सूचना जितक्या साध्या आणि स्पष्ट, तितकं पान कमी हलतं.

मराठीत मात्र सगळ्याच्या आधी फॉन्टचा प्रश्न येतो, आणि त्यातही पहिला प्रश्न असा की मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-सुरेख या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचाच असतो. फॉन्ट फक्त त्याला मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो चेहरा जातो आणि निरर्थक रोमन अक्षरं उरतात. ‘फॉन्ट उडाला’ असं आपण म्हणतो ते हेच. तुमची फाईल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. एक परिच्छेद निवडा आणि त्याला एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन लावून बघा. अक्षरं मराठीच राहिली तर युनिकोड. रोमन झाली तर जुना फॉन्ट. मग कंट्रोल-झेड दाबून पूर्ववत करा.

जुन्या फॉन्टमधला मजकूर पाठवायचाच असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. त्यासाठी परिवर्तकं मिळतात. पण रूपांतर झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असे. परिवर्तकाला त्यांची जागा बदलावी लागते आणि जोडाक्षरं आली की तिथे चुका होतात. ‘स्थिती’, ‘व्यक्ती’, ‘वार्षिक’, ‘मूर्ती’ असे शब्द, शिवाय श्र, द्ध, ऋ, ऱ्ह ही अक्षरं डोळ्यांखालून घाला. हे काम लेखकाने करावं असा माझा आग्रह आहे. शब्द काय होता हे त्याला ठाऊक असतं. संपादकाला ते ताडावं लागतं, आणि विशेषनामांच्या बाबतीत ताडता येतंच असं नाही.

युनिकोड आलं की अक्षरं शाबूत राहतात. मांडणी मात्र तरीही हलते, कारण तुम्ही वापरलेला फॉन्ट समोरच्याकडे नसला तर त्याचा संगणक दुसरा फॉन्ट घेतो आणि त्याची रुंदी व उंची वेगळी असते. मंगल हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. वर्षानुवर्षं मराठी फाईली मंगलमध्ये आहेत. पण विंडोज ८ पासून देवनागरीसाठी निर्मला यूआय आला आणि विंडोज १० मध्ये मंगल ऐच्छिक फॉन्टांच्या गटात गेला. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली तर तो येतो, नाहीतर मागवून घ्यावा लागतो. मॅकवर त्याच्या जागी कोहिनूर देवनागरी येतो, अँड्रॉइडच्या फोनवर नोटो. मंगलच्या ओळींची उंची बरीच जास्त, त्यामुळे तो बदलला की पानांची संख्या हमखास बदलते.

इंग्रजीपुरती या अडचणीवर सोय आहे. टाइम्स न्यू रोमन, एरियल आणि कुरियर न्यू यांच्या अचूक मापाचे लिबरेशन फॉन्ट २००७ साली रेड हॅटने मोफत दिले. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि कँब्रियाच्या मापाचा कॅलाडिया लिबरऑफिसबरोबर येतात. हे जुळे फॉन्ट बदली आले तरी ओळी जागच्या जागी राहतात. त्यांच्यात देवनागरी नाही, त्यामुळे आपल्या मजकुराला त्यांचा आधार मिळत नाही. आपल्याला वेगळा मार्ग धरावा लागतो: दोन्हीकडे एकच मोफत फॉन्ट ठेवायचा. नोटो सेरिफ देवनागरी, नोटो सान्स देवनागरी, मुक्त, टिरो देवनागरी मराठी हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मिळतात आणि त्यांचा परवाना फॉन्टची फाईल दुसऱ्याला देऊ देतो. गूगल डॉक्समध्येही फॉन्टच्या यादीत ‘मोअर फॉन्ट्स’ उघडून लिपी देवनागरी निवडली की ते सापडतात. आमच्या लेखकांना मी नोटो सेरिफ देवनागरी सुचवतो, कारण त्यात ठळक अक्षरं खरोखर आखलेली आहेत. टिरोची अक्षरं फार देखणी आहेत, पण त्यात ठळक वजन नाही. तुम्ही ‘बोल्ड’ दाबलंत तर सॉफ्टवेअर साधं अक्षरच जाड करून दाखवतं, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या प्रमाणात जाड करतं.

आता मराठी फाईलींमधला सगळ्यात छळणारा आणि सगळ्यात कमी ठाऊक असलेला दोष. डॉकएक्समध्ये आणि ओडीटीमध्येही फॉन्टची, आकाराची आणि ठळकपणाची नोंद लिपीगणिक वेगळी असते. रोमन लिपीसाठी एक, देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांसाठी दुसरी, शिवाय चिनी-जपानी वगैरेंसाठी फॉन्टची आणखी एक. वरच्या पट्टीवर तुम्ही १८ आकडा निवडता तेव्हा तो यातल्या कुठल्या नोंदीत गेला हे पडद्यावर कळत नाही. म्हणून लेखकाकडे १८ चं दिसलेलं शीर्षक माझ्याकडे १२ चं उतरतं, ठळक केलेली ओळ साधी होते. मराठी वाक्यात लिहिलेले इंग्रजी आकडे, अवतरणचिन्हं आणि कंसही याच कारणाने भोवतालच्या अक्षरांपेक्षा लहान-मोठे दिसतात. त्यांच्यावर रोमनची नोंद लागू होते.

उपाय सोपा आहे, फक्त एकदा बसून करावा लागतो. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून कंट्रोल-डी दाबा. फॉन्टची खिडकी उघडेल. तिथे ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग असतील. दोन्हींत एकच फॉन्ट आणि एकच आकार भरा. दुसरा भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत मराठी जोडा, म्हणजे दिसू लागेल. लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून त्यापुढे मराठी निवडा, आणि परिच्छेदाच्या मूळ शैलीत पाश्चात्त्य व कॉम्प्लेक्स अशा दोन्ही रकान्यांत तोच फॉन्ट भरा. भाषा मराठी निवडण्याचा आणखी एक फायदा आहे. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात. मजकुरावर मराठीची खूण असली तर लिबरऑफिस त्यातून आपला पाकळीचा ल आणि देठाचा श उचलतं. शाळेत गिरवलेली अक्षरं पानावर दिसावीत असं वाटणाऱ्यांनी ही खूण विसरू नये.

अक्षरांचीच आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत फरक करणारा आपला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो: एकतर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्या प्रकारातलं ते अदृश्य चिन्ह फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना, विशेषतः चिकटवताना, गळून पडू शकतं. मग सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि शब्द अस्तित्वात असल्यामुळे कुणाला चूक दिसतही नाही. पहिला प्रकार वापरा. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. फार जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. फाईलभर एकच पद्धत ठेवली तर निदान शोधून बदलता येतं. अर्ध्या ठिकाणी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आणि अर्ध्या ठिकाणी अ वर चंद्र असं असलं, की शोध अर्धवट लागतो.

इथून पुढचा भाग सवयींचा. वर्डमध्ये परिच्छेदचिन्हाचं बटण असतं, कंट्रोल-शिफ्ट-८ नेही ते लागतं, लिबरऑफिसमध्ये कंट्रोल-एफ१०. ते दाबून तुमची फाईल एकदा बघा. ‘आपला नम्र’ उजवीकडे न्यायला ठोकलेल्या चाळीस स्पेसेस ठिपक्यांच्या माळेसारख्या दिसतील. नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून मारलेले १५ एंटर दिसतील. तुमच्या फॉन्टमध्ये ते बरोबर बसलेले असतात; फॉन्ट बदलला की ‘आपला नम्र’ पुढच्या ओळीत उतरतो आणि प्रकरणाचं शीर्षक पानाच्या मध्यावर येतं. स्पेस आणि एंटर या जागा मोजण्याच्या पट्ट्या नाहीत. दिनांक किंवा सही उजवीकडे हवी असेल तर त्या परिच्छेदालाच उजवं संरेखन द्या. एकाच ओळीत डावीकडे जावक क्रमांक आणि उजवीकडे दिनांक हवा असेल तर उजवा टॅब लावा. नवं पान हवं असेल तर कंट्रोल-एंटर. दोन परिच्छेदांत अंतर हवं असेल तर परिच्छेदाच्या मांडणीत ‘आफ्टर’पुढे ६ किंवा ८ पॉइंट लिहा.

शीर्षकांच्या बाबतीत तर मी हट्टच धरतो. शीर्षक निवडून ते ठळक आणि मोठं करू नका; त्याला ‘हेडिंग १’ ही शैली द्या, उपशीर्षकाला ‘हेडिंग २’, आणि रूप आवडलं नाही तर ती शैली बदला. या शैली वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स तिघांनाही एकाच अर्थाने कळतात. फाईल तिकडे गेल्यावर रूप थोडं बदललं तरी हे शीर्षक आहे ही माहिती टिकते आणि एका ठिकाणी दुरुस्ती केली की सगळी शीर्षकं सुधारतात. अनुक्रमणिकाही याच शैलींवरून आपोआप बनते. हाताने ठिपके काढून पृष्ठांक लिहिलेली अनुक्रमणिका दुसऱ्या संगणकावर पहिल्याच मिनिटाला खोटी ठरते. आपोआप केलेलीसुद्धा उघडल्यावर ताजी करून घ्यावी लागते. वर्डमध्ये तिच्यावर क्लिक करून एफ९. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे पहिल्या प्रकरणाआधीच शिकून घ्यावं. तीनशे पानं झाल्यावर शैली लावत बसणं फार जिवावर येतं, आणि तेव्हा सादर करण्याची तारीखही जवळ आलेली असते.

ओळींमधल्या अंतराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पानांची संख्या हलू नये म्हणून ‘एक्झॅक्टली’ निवडून ओळीची उंची पॉइंटमध्ये बांधून टाकावी असा सल्ला दिला जातो. इंग्रजीत तो चालतो. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. उंची कमी बांधली तर ‘वर्षीं’चा माथा आणि ‘द्रू’चा तळ कापला जातो. १२ पॉइंटच्या अक्षराला १८ ते २० पॉइंटची ओळ द्या आणि असेच उंच-खोल शब्द शोधून छापील प्रतीत तपासा. पृष्ठसंख्येची अट नसेल तर बांधूच नका.

चित्रं आणि तक्ते. चित्र मजकुराभोवती तरंगत ठेवलं की ते कशाला बांधलेलं आहे याचा हिशेब प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळा करतं, आणि माझ्या लेखिकेचे नकाशे तिथेच हुकले. चित्र ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा, लिबरऑफिसमध्ये ‘ॲज कॅरेक्टर’ असा नांगर टाका, आणि त्याखालची ओळ लगेच पुढच्या परिच्छेदात लिहा. वर्डमध्ये बाण, चौकटी, मजकुराचे डबे जोडून केलेली आकृती एकच चित्र म्हणून साठवून घाला. तक्त्याला रुंदी ठरवून द्या, आपोआप ताणण्याची सोय बंद करा, तक्त्यात तक्ता घालू नका. कागद ए४ आहे ना हेही बघा: अमेरिकेतल्या मित्रांच्या फाईली बहुधा लेटर आकाराच्या असतात, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. ए४ २१० गुणिले २९७. तेवढ्या फरकाने लांब तक्ता मोडतो.

फाईलचा प्रकार कुठला ठेवावा? सोबतचे बहुतेक लोक वर्डवर असतील तर पहिल्या दिवसापासून डॉकएक्स ठेवा, जरी तुम्ही स्वतः लिबरऑफिसवर असलात तरी. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोड/सेव्ह’खाली नेहमी वर्डच्या प्रकारात साठवण्याची सूचना देता येते. डॉकएक्सचं ओडीटी, ओडीटीचं पुन्हा डॉकएक्स, मधेच गूगल डॉक्स, असा प्रवास करू नये. प्रत्येक फेरीत काहीतरी गळतं. जुना डॉक प्रकार तर आता सोडून द्यावा. चार-पाच जणांनी मिळून लिहायचं असेल, म्हणजे सोसायटीचा वार्षिक अहवाल किंवा शाळेची स्मरणिका, तर सगळं लेखन आणि दुरुस्त्या गूगल डॉक्समध्येच संपवा. अखेरीस एकाच माणसाने ती फाईल डॉकएक्स म्हणून उतरवून घ्यावी आणि अंतिम मांडणी त्यानेच करावी.

फाईलमध्ये फॉन्ट बांधून पाठवण्याचीही सोय आहे. वर्डमध्ये ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह’खाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल’, लिबरऑफिसमध्ये ‘फाईल’मधल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट’. वर्डकडून वर्डकडे किंवा लिबरऑफिसकडे जाताना ती उपयोगी पडते. गूगल डॉक्स मात्र बांधलेला फॉन्ट वापरत नाही, आणि काही विकतच्या फॉन्टचा परवाना बांधू देत नाही. म्हणून मोफत फॉन्ट वेगळा जोडून पाठवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आणि पीडीएफ पाठवा, पण एकटी पाठवू नका. पीडीएफमध्ये पान गोठलेलं असतं, त्यामुळे तुमच्याकडे ते कसं दिसत होतं हे मला कळतं. तिच्यातून मराठी मजकूर उचलायला गेलं तर मात्र वेलांट्या आणि जोडाक्षरं बहुतेकदा विस्कटतात, म्हणून दुरुस्तीसाठी मूळ फाईल लागतेच. पीडीएफ करताना तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फॉन्टच्या यादीसमोर ‘एम्बेडेड’ लिहिलंय ना ते पाहा. मुद्रकाकडे जाणाऱ्या फाईलसाठी हे अत्यावश्यक आहे.

नुसत्या मजकुराचे लेख, कथा, कविता पाठवणाऱ्यांना यातलं बहुतेक काही करावं लागत नाही. चौकट, रंग, दोन स्तंभ, सुलेखनाचं शीर्षक यांवर वेळ घालवू नका. अंकाची मांडणी करणारा ते सगळं पुसूनच काम सुरू करतो. युनिकोड मजकूर, शीर्षकाला शैली, परिच्छेदाला एकच एंटर. कवितेत मात्र ओळ कुठे तुटते आणि कडवं कुठे संपतं हे पीडीएफमध्ये स्पष्ट दिसू द्या, कारण तिथे मोकळी जागाही कवीचीच असते.

पाठवण्याआधी फाईल स्वतःच्या फोनवर उघडा, आणि तिची एक प्रत गूगल ड्राइव्हवर चढवून तिथेही. हलणारं बहुतेक सगळं तिथेच हललेलं दिसेल. मग मेलमध्ये चार ओळी लिहा: ‘फाईल वर्डमध्ये केली आहे. मजकूर युनिकोड, फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी, सोबत जोडला आहे. कागद ए४, पानं ११, तक्ते २, नकाशे ३. पानं कशी दिसायला हवीत ते पीडीएफमध्ये आहे.’ पानांचा आकडा जरूर लिहा. माझ्याकडे १४ दिसली तर मजकुराला हात लावण्याआधी मी तुम्हाला फोन करीन.